जुन्या जीपचा सेल्फ उतरवण्याआधी वायर मोजा

काटोलच्या पुढे आमची संत्र्याची बाग आहे. तिथे खत, क्रेट, पंप, माणसं असं सगळं वाहणारी एक जुनी डिझेल जीप आहे. दोन वर्षांपूर्वी मृग बहाराची शेवटची तोडणी चालू असताना तिने खोड धरली. सकाळी एका चावीत सुरू व्हायची, आणि दुपारी कळमन्याच्या बाजारात माल उतरवून परत निघायचं म्हटलं की नुसतं ‘टक्’. "भाऊ, सेल्फ उचलूनच नाही राहिला," म्हणत आमचा गडी यार्डातली चार माणसं गोळा करायचा आणि धक्का मारून गाडी सुरू व्हायची. महिन्याभरात नवी बॅटरी आली, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) दोनदा उतरला, एकदा कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश) बदलले, एकदा आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग). खोड तशीच राहिली. शेवटी दोष निघाला इंजिन आणि चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) यांच्यामधल्या वीतभर अर्थिंगच्या पट्टीत. मल्टिमीटर लावल्यावर तो शोधायला वीस मिनिटं लागली.

ती वीस मिनिटं कशी घालवायची ते इथे सविस्तर लिहितो. विदर्भात अशा गाड्या अजून भरपूर आहेत. बागायतदारांच्या आणि ठेकेदारांच्या जीपा आहेत, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या गेटांवर उभ्या असणाऱ्या जिप्सी आहेत. सगळ्यांचं सेल्फचं वायरिंग मुळात एकाच पद्धतीचं असतं.

दोन रस्ते आधी ओळखा

सेल्फपर्यंत करंटचे दोन रस्ते असतात. जाड रस्ता बॅटरीच्या प्लसपासून जाड केबलने सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या (चावी फिरवली की मोटरला करंट जोडून देणारा विजेचा स्विच) मोठ्या बोल्टवर येतो. तिथून आतल्या तांब्याच्या कॉन्टॅक्टमधून मोटरमध्ये जातो, आणि मोटरच्या बॉडीतून इंजिन, इंजिनातून चासी, चासीतून बॅटरीच्या मायनसवर परत येतो. हा परतीचा रस्ता डोळ्यांना केबल म्हणून दिसत नाही, म्हणून तो तपासायचा राहून जातो. महिंद्राच्या एमएम ५४० मध्ये २११२ सीसीचं प्यूजोचं डिझेल इंजिन असायचं. असं इंजिन फिरवताना या रस्त्याने अडीचशेच्या आसपास अँपिअर जातात आणि पहिल्या झटक्याला त्याहून जास्त. १९८५ साली आलेल्या ९७० सीसीच्या पेट्रोल जिप्सीला बरेच कमी लागतात.

बारीक रस्ता बॅटरीपासून चावीच्या स्विचवर आणि तिथून सोलेनॉइडच्या छोट्या पत्तीवर येतो. बऱ्याच सोलेनॉइडांवर या पत्तीपाशी ५० आणि मोठ्या बोल्टपाशी ३० असे आकडे कोरलेले असतात. कापडाने पुसलं की दिसतात. पुढे मी हेच आकडे वापरतो.

आता मल्टिमीटरबद्दल एक गोष्ट. केबलची दोन टोकं धरून ओहम मोजण्यात अर्थ नाही. शंभर तारांपैकी दहाच धड उरल्या असल्या तरी मीटर शून्याच्या जवळपासच दाखवतो, कारण मोजताना तो अगदी किरकोळ करंट सोडतो. सेल्फ मागतो अडीचशे अँपिअर. एखाद्या जोडात ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा असला, तरी अडीचशे गुणिले ०.०१ म्हणजे अडीच व्होल्ट तिथेच संपतात. बारा व्होल्टच्या गाडीत अडीच व्होल्ट फार मोठी चोरी आहे, आणि ती फक्त सेल्फ मारत असताना पकडता येते. म्हणून पुढची जवळजवळ सगळी मापं चावी फिरवून धरलेली असतानाच घ्यायची आहेत. तेव्हा दुसरा माणूस सोबत हवाच.

हात घालण्याआधी

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला दगड. गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री स्वतः स्टिअरिंगवर बसून करा, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नका. जुन्या जीपा गिअरमध्ये असतानाही सेल्फ घेतात आणि पुढे उभ्या माणसावर जातात. तपासताना इंजिन सुरू व्हायला नको, म्हणून डिझेल गाडीत बंद करायचा नॉब ओढून ठेवा. पंपावर इलेक्ट्रिक कटऑफ असेल तर त्याची वायर काढा. पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलच्या प्लसची वायर काढा.

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडवताना आधी मायनस काढायचा, जोडताना मायनस शेवटी जोडायचा. प्लसचा नट सोडताना पाना बॉडीला टेकला तर त्या पान्यातून शेकडो अँपिअर जातात. मायनस आधीच सुटलेला असेल तर काहीच होत नाही. बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नको, तिथे हायड्रोजन असतो. सेल्फ सलग दहा सेकंदांच्या वर मारू नका. दोन वेळांमध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्या, नाहीतर चांगला सेल्फ तपासणीतच तापून जाईल.

आवाज ऐका

बॉनेट उघडं ठेवून एकाला चावी फिरवायला सांगा आणि कान सेल्फकडे द्या. हेडलाइट लावलेले असू द्या.

काहीच आवाज नाही आणि लाइट जसेच्या तसे: सोलेनॉइडपर्यंत हुकूम पोचत नाही. दोष बारीक रस्त्यात आहे.

एकच दणकट ‘टक्’ आणि पुढे काही नाही: सोलेनॉइडने आपलं काम केलं, पण जाड रस्त्यात कुठेतरी करंट अडला. इथे लाइटकडे नीट बघा. लाइट फारसे मंद झाले नाहीत तर करंट जातच नाही, म्हणजे कॉन्टॅक्ट जळले, अर्थिंग गेलं किंवा मोटरचे कार्बन संपले. लाइट एकदम बसले तर करंट जातोय, पण बॅटरीत दम नाही किंवा मोटर आतून जाम आहे.

‘टकटकटकटक’ असा मशीनसारखा आवाज: सोलेनॉइडच्या आत ओढणारी आणि धरून ठेवणारी अशी दोन वेटोळी असतात. कॉन्टॅक्ट बसला की मोटर करंट मागते, अशक्त बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं, धरून ठेवणारं वेटोळं हात सोडतं. स्प्रिंग दांडा मागे फेकते, व्होल्टेज परत वर येतं, आणि तेच चक्र पुन्हा सुरू होतं. बॅटरी उतरलेली किंवा बॅटरीच्या खुंटीवरचा केबलचा क्लॅम्प सैल, हे पहिलं बघायचं. दोन्ही ठणठणीत असतील तर धरून ठेवणारं वेटोळं तुटलेलं असू शकतं.

मोटर गरगर फिरते पण इंजिन फिरत नाही, तर बेंडिक्स (सेल्फचं पुढे सरकणारं दातेरी चाक) किंवा ते जिथे अडकतं ती फ्लायव्हीलची दातेरी रिंग बघा. त्यात वायरिंगचा दोष नाही.

बॅटरी, पण क्लॅम्पवर नाही

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या आसपास म्हणजे आधी चार्जिंगला लावा आणि मग पुढचं बघा. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी फार लवकर उडतं. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ वर गेला होता, आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतं. झाकणं उघडून प्लेटा बुडालेल्या आहेत का ते बघा आणि भरायचं झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. सफारीच्या जिप्सींचं दुखणं वेगळं असतं. पावसाळ्यात जंगलाचं गाभा क्षेत्र बंद झालं की त्या महिनोन्महिने उभ्या राहतात आणि बॅटरी आपोआप उतरते. मायनस काढून ठेवणं आणि महिन्यातून एकदा चार्ज करणं एवढं पुरतं.

आता सेल्फ मारत असताना मीटरच्या दोन्ही सुया बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवा, क्लॅम्पवर नको. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर आहे किंवा मोटर नको तितका करंट ओढतेय. ९.६ च्या वर राहिला आणि इंजिन तरी सुस्त फिरतंय, तर चोर वायरिंगमध्ये आहे.

जाड रस्ता मोजणं

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल सुई बॅटरीच्या प्लस खुंटीवर. काळी सुई सोलेनॉइडच्या त्या मोठ्या बोल्टवर, जिथे बॅटरीची केबल येते. बोल्टवर टेकवा, लगवर (केबलच्या टोकाचा भोकाचा धातूचा तुकडा) नको. चावी न फिरवता आकडा शून्य दिसेल. आता चावी फिरवायला सांगा. दिसेल तो आकडा म्हणजे प्लस केबलने खाल्लेले व्होल्ट. ०.३ पर्यंत उत्तम, ०.५ ही शेवटची हद्द. त्याच्या वर गेला तर काळी सुई टप्प्याटप्प्याने मागे आणा, आधी सोलेनॉइडवरच्या लगवर, मग बॅटरीकडच्या लगवर, मग क्लॅम्पवर. ज्या टप्प्यावर आकडा एकदम पडेल, दोष त्याच टप्प्यात.

मग काळी सुई सोलेनॉइडच्या दुसऱ्या मोठ्या बोल्टवर, जिथून पट्टी मोटरमध्ये शिरते. इथे चावी न फिरवता बारा व्होल्ट दिसतील. त्याने गोंधळू नका, कॉन्टॅक्ट उघडा आहे म्हणून ते दिसतात. चावी फिरवल्यावर आकडा खाली येऊन पहिल्या मापापेक्षा फार तर ०.३ जास्त राहायला हवा. ‘टक्’ झालं आणि आकडा बारावरच राहिला, तर आतला कॉन्टॅक्ट बसलेलाच नाही.

आता अर्थिंग. काळी सुई बॅटरीच्या मायनस खुंटीवर, लाल सुई सेल्फच्या बॉडीवर. बॉडीवरचा रंग आणि चिखल खरवडून स्वच्छ धातूवर टेकवा. सेल्फ मारताना ०.३ च्या आत हवं. आमच्या जीपचा आकडा गार इंजिनवर १.५ होता आणि तापल्यावर सहाच्या वर गेला. अर्धी बॅटरी परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होती आणि आम्ही सेल्फ उतरवत होतो.

इथेही तोच मागे येण्याचा खेळ. लाल सुई इंजिनच्या ब्लॉकवर, मग चासीवर, मग मायनस केबलच्या लगवर, मग क्लॅम्पवर. आमच्याकडे ब्लॉकवर सहा आणि चासीवर ०.२ दिसलं, म्हणजे चोर या दोघांच्या मध्येच होता. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची पट्टी दिलेली असते. इंजिन कधी उतरवलं असेल तर ती परत लावायची राहून गेलेली असू शकते.

आमची पट्टी जागेवर होती. बोल्ट खोलला तेव्हा तिच्या टोकाच्या भोकाखाली चासीचा ताजा रंग निघाला. कधीतरी गाडी रंगवताना रंगावरच पट्टी कसलेली. विणलेल्या तारा हिरव्या पडून चिमटीत धरल्यावर भुग्यासारख्या गळल्या. काळ्या मातीचा चिखल तिथे पावसाळाभर ओला राहतो, त्याने तांबं खाल्लेलं.

याची एक खूण मला नंतर कळली, आणि ती मीटरशिवायही ओळखता येते. अर्थिंग गेलं की करंट दुसरी वाट शोधतो, इंजिनला जाणारी कुठलीही धातूची केबल. सेल्फ मारल्यावर अॅक्सिलरेटरची केबल, चोक किंवा इंजिन बंद करायची केबल गरम लागत असेल तर दुसरं काही तपासू नका. आमच्या जीपचा बंद करायचा नॉब दोन महिने जड ओढला जात होता. केबलचं आतलं प्लॅस्टिक वितळलं होतं.

मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा. सेल्फ लगेच जोरात फिरला तर दोष अर्थिंगचाच.

बारीक रस्ता आणि दुपारचं दुखणं

लाल सुई बॅटरीच्या प्लसवर, काळी ५० नंबरच्या पत्तीवर, चावी फिरवलेली. फरक एक व्होल्टच्या आत हवा. जुन्या गाड्यांत दोन-तीन व्होल्ट सर्रास सापडतात. ५० वर काहीच येत नसेल तर आधी फ्यूज, मग मालकाने चोरीच्या भीतीने कधीतरी बसवलेला गुप्त स्विच, मग फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) कनेक्टर, मग चावीचा स्विच, या क्रमाने जा. शेडात उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायरही बघा. डॅशबोर्डखाली टेप गुंडाळलेला प्रत्येक जोड संशयित धरा.

जुन्या जीपांत सोलेनॉइडचा सगळा करंट चावीच्या स्विचमधून जातो. ओढणारं वेटोळं क्षणभर तीस-चाळीस अँपिअर मागू शकतं. वर्षानुवर्षं हे झेलून स्विचचे कॉन्टॅक्ट जळतात आणि तिथे व्होल्ट अडतात.

आता सकाळी चालते, दुपारी नाही, याचं कारण. तांब्याचा अडथळा दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. सेल्फ सायलेन्सरच्या पाइपाजवळ आहे आणि गाडी रणरणत्या उन्हात पन्नास-साठ किलोमीटर चालून थांबली आहे असं धरा. इंजिन बंद झाल्यावर हवा थांबते आणि सोलेनॉइड आणखी तापतो. वेटोळं ३० अंशांवरून १०० वर गेलं तर अडथळा २७ टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढ्याच व्होल्टेजवर करंट वीसेक टक्के कमी होतो. सकाळी दोन व्होल्ट कमी पडूनही जो सोलेनॉइड कसाबसा ओढत होता, तो दुपारी हरतो. पेंचच्या वाटेवर एका जिप्सीवाल्या पोराने मला विचारलं होतं, "काका, गार झाली का चालते, मग सेल्फ खराब कसा?" त्याची शंका अगदी बरोबर होती. त्याच्या गाडीत ५० नंबरवर पावणेनऊ व्होल्ट येत होते.

खात्री करायची तर बॅटरीच्या प्लसपासून एक चांगली वायर घेऊन ५० च्या पत्तीला क्षणभर टेकवा. गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे पुन्हा बघा. गाडीखाली किंवा चाकासमोर राहून हे करू नका. सेल्फ दणक्यात फिरला तर बारीक रस्ता दोषी.

इलाज म्हणजे चार पायांचा १२ व्होल्ट, ४० अँपिअरचा रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच. चावीकडून ५० ला येणारी जुनी वायर तिथून काढून रिलेच्या ८६ ला द्या. ८५ ला बॉडी अर्थ. बॅटरीच्या प्लसवरून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून ४ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० ला. रिलेच्या ८७ वरून तेवढ्याच जाडीची वायर सोलेनॉइडच्या ५० ला. आता चावीच्या स्विचवर अर्ध्या अँपिअरचाही भार नसतो, आणि सोलेनॉइडला बॅटरीचे जवळपास पूर्ण व्होल्ट मिळतात. रिले फेंडरच्या आतल्या बाजूला उंचावर बसवा, पाय खाली तोंड करून, म्हणजे पाणी साचत नाही.

सेल्फ खरंच उतरवायचा तेव्हा

दोन्ही मोठ्या बोल्टांवर व्होल्ट पोचतात, अर्थिंग ०.३ च्या आत आहे, आणि मोटर तरी हलत नाही, तर आता दोष मोटरचा. कार्बन अडकले असतील तर सेल्फच्या बॉडीवर हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकल्यावर एखाद्या वेळी फिरतो. तेवढ्यावर घरी या आणि उतरवा. इंजिन जड फिरतंय, व्होल्ट पूर्ण आहेत, आणि चौथ्या गिअरमध्ये ढकलल्यावर इंजिन मोकळं वाटतं, तर बुश (आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) झिजून आर्मेचर घासत असेल. सोलेनॉइडचा कॉन्टॅक्ट जळलेला असेल तर खोलता येणाऱ्या प्रकारात तांब्याची चकती उलटवून आणि बोल्ट अर्धा फिरवून ताजी बाजू वापरता येते. वाइंडिंगवाल्याकडे सेल्फ देताना तुमची मापं सोबत सांगा. त्याचंही काम सोपं होतं.

नवी केबल

डिझेलला ५० आणि लहान पेट्रोलला ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घ्या. वेल्डिंगची केबल मऊ असते आणि चांगली चालते. रंगीत जाड प्लॅस्टिकच्या आत मोजक्या तारा असलेली तयार केबल घेऊ नका. टोक सोलून तांबं बघूनच पैसे द्या. जुनी केबल तपासतानाही लगच्या मागे दोन बोटं रबर कापून बघा. तारा काळ्या पडल्या असतील आणि नखाने खरवडून चमक येत नसेल, तर ती केबल गेली.

लग कल्हई केलेल्या तांब्याचा आणि हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेला हवा. हातोडीने चेपलेला लग दिसतो घट्ट, पण आत हवा राहते आणि हवेबरोबर ओल. वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. केबल सायलेन्सरच्या पाइपापासून लांब न्या, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला, आणि इंजिन हलतं तिथे थोडी सैल सोडा.

अर्थिंगच्या जागी रंग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत काढा. लगच्या खाली दातेरी वॉशर, बोल्ट कसा, आणि कसून झाल्यावरच वरून व्हॅसलीन लावा. इंजिन-चासी पट्टी असली तरी मी बॅटरीच्या मायनसपासून थेट सेल्फच्या बोल्टपर्यंत एक दुसरी केबल टाकली आहे. अडीच-तीन फूट केबल लागली.

सगळं झाल्यावर तीन मापं पुन्हा घ्या: प्लस केबल, अर्थिंग आणि ५० नंबर, आणि शक्य झालं तर एकदा गार इंजिनवर आणि एकदा दुपारी तापल्यावर. आमच्या जीपला बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने तारखेसह ०.२, ०.१, ०.४ असं लिहून ठेवलं आहे, आणि पावसाळा संपला की दरवर्षी त्याच्याखाली नवी ओळ लिहितो.